तळहातांना सतत घाम : ऑपरेशनची तारीख घेतली आहे, कोणी केलं आहे का?

पाऊलवाट

नमस्कार. मी २३ वर्षांची आहे, फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला. पाचवीत असल्यापासून माझ्या तळहातांना आणि तळपायांना घाम येतो. नुसते ओलसर होत नाहीत, थेंब गळतात. हात खाली सोडून उभी राहिले तर मिनिटभरात बोटांच्या टोकांवर थेंब जमून फरशीवर पडतात. शाळेत हाताखाली टीपकागद ठेवून लिहायचे. तरी उत्तरपत्रिकेचा खालचा कोपरा लगदा व्हायचा आणि शाई पसरायची. मोबाईल बोटाने उघडत नाही, हजेरीच्या यंत्रावर अंगठा उमटत नाही. या सगळ्याची सवय झाली होती.

आता जे चाललंय त्याची सवय होत नाही. गेल्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एका आजींचा पाय वाकवून घेत होते. एक हात मांडीखाली, एक घोट्याला. घोटा माझ्या हातातून निसटला. लगेच सावरला, पण त्या कळवळल्या. नंतर त्यांनी चादरीच्या टोकाने स्वतःचा घोटा पुसला, माझ्याकडे न बघता. त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. हातमोजे घालून बघितले. दहा मिनिटांत आत पाणी साचतं, काढताना मनगटावरून ओघळतं, आणि मुख्य म्हणजे हातमोज्यातून स्नायूतली गाठ बोटांना नीट कळत नाही. माझं सगळं काम स्पर्शाचं आहे.

घरी विचारलं की एकच उत्तर, घाबरटपणा सोड. आई लहानपणापासून हेच म्हणते. पण मी रविवारी दुपारी एकटी पुस्तक वाचत असते तेव्हाही पानं ओली होतात. तेव्हा मी कोणाला घाबरते?

केमिस्टकडून एक रोल-ऑन आणला होता. आंघोळ झाली की सकाळी लावायचे. आठवडाभरात हातांची आग व्हायला लागली, म्हणून बंद केला. पावडरीचा तर चिखल होतो.

मग एका सर्जनना भेटले. छातीत दुर्बिणीने जाऊन घामाचा हुकूम नेणारी एक नस, म्हणजे मज्जातंतू, बंद करायची, तासाभराचं काम, दुसऱ्या दिवशी घरी, हात कायमचे कोरडे, असं त्यांनी सांगितलं. 'थोडा घाम दुसरीकडे येऊ शकतो' हेही म्हणाले, पण उठता उठता. तीन आठवड्यांनंतरची तारीख घेतली आहे. नोकरी सुरू व्हायच्या आत हे उरकावं असं मनात आहे. इथे कोणी हे ऑपरेशन केलेलं आहे का? खरं काय ते सांगा.

रातराणी

मी केलं आहे. नऊ वर्षं झाली. तेव्हा मी तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी होते, म्हणून अगं-तुगं करते आहे.

शुद्धीवर आले तेव्हा पहिल्यांदा हात चोळून बघितले. कोरडे होते, आणि उबदार. मला आठवतंय त्याप्रमाणे आयुष्यात पहिल्यांदा माझे हात उबदार होते. मी रडले. ते सुख खोटं नव्हतं आणि ते आजही टिकून आहे, हे आधी सांगते.

साधारण तिसऱ्या आठवड्यात पाठ भिजायला लागली. मग पोट, मग मांड्या. आधी वाटलं हवा गरम आहे. हळूहळू लक्षात आलं की छातीच्या वरचा भाग कोरडा ठणठणीत आणि खाली पाणी. आज मी कामावर दोन जादा कुडते घेऊन जाते. गडद रंगाशिवाय काही घालत नाही. बसून उठले की खुर्चीवर ओला डाग राहतो, तो कोणी बघायच्या आत पुसायचा. पळायला गेले तर चेहऱ्याला घामच येत नाही, डोकं तापून जातं आणि कंबरेखालचे कपडे पिळून काढावेत असे होतात. शिवाय तळहात इतके कोरडे पडतात की भेगा पडतात, रोज मलम लागतं.

याला भरपाईचा घाम म्हणतात आणि तो विरळा नाही. ऑपरेशन केलेल्या बहुतेकांना कमी-जास्त प्रमाणात येतो. काहींचा सोसण्यासारखा असतो. माझा तसा नाही. आणि तो येणार की नाही, किती येणार, हे आधी कोणी सांगू शकत नाही. कापलेली नस परत जोडता येईल अशी आशा धरून टेबलावर जाऊ नकोस. नस न कापता तिला चिमटा लावला तर तो काढता येतो असंही सांगतात. माझा चिमटाच होता. दोन वर्षांनी काढला. काही फरक पडला नाही.

तुझ्या सर्जनना तीन गोष्टी विचार. नस कोणत्या बरगडीच्या पातळीवर बंद करणार? वरच्या पातळीवर केलं तर भरपाईच्या घामाचा धोका वाढतो. त्यांनी आजवर ऑपरेशन केलेल्यांपैकी कोणाशी बोलता येईल का? आणि आधी दुसरे कोणते उपाय करून बघितलेत, हे त्यांनी तुला विचारलं का? मला कोणी विचारलं नव्हतं. मी पावडरीवरून थेट ऑपरेशनवर गेले. मधल्या पायऱ्या आहेत हे मला नंतर कळलं, याचंच दुःख जास्त आहे.

घड्याळजी

पाऊलवाट, तारीख पुढे ढकला. रद्द करा असं म्हणत नाही, ढकला.

मी घड्याळं दुरुस्त करतो, २४ वर्षं झाली. वडिलांकडून काम शिकलो आणि हातांचा घामही वडिलांकडूनच आला. आमच्या कामात घाम म्हणजे गंज. शिकत असताना एक मनगटी घड्याळ साफ करून, तेल घालून, बंद करून दिलं. दोन महिन्यांनी ते परत आलं. उघडलं तर आतल्या पोलादी भागावर माझ्या अंगठ्याचा ठसा होता, गंजाचा, तांबूस, एकेक रेघ मोजता येईल असा. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी खणातून बोटांच्या रबरी टोप्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. ते स्वतः आयुष्यभर त्याच घालत आले होते, आणि मला इतकी वर्षं वाटायचं की ती कामाची पद्धतच आहे. म्हणून तुमच्या आजींनी घोटा पुसला ते वाचून हात थांबला माझा.

आधी रोल-ऑनबद्दल. तुम्ही औषध बरोबर आणलं होतं, लावलं चुकीच्या वेळी. त्यात बहुधा अॅल्युमिनियम क्लोराईड असणार. ते घामाच्या नळीच्या तोंडाशी बूच बसवतं. पण त्वचा ओली असेल तर पाण्याशी मिळून त्याचं आम्ल होतं, आणि आग त्याचीच होते. आंघोळीनंतर लगेच लावणं म्हणजे आग मागून घेणं. ते रात्री लावायचं. झोपेत घाम जवळजवळ थांबतो, तेव्हा बूच बसायला वेळ मिळतो. हात धुवा, पुसा, पंख्याखाली किंवा ड्रायरच्या गार हवेवर पूर्ण कोरडे होऊ द्या, मग पातळ थर. सकाळी धुऊन टाका. काही रात्री रोज, फरक दिसला की आठवड्यातून एक-दोनदा. काखेत ते छान चालतं. तळहाताची कातडी जाड, तिथे कमी चालतं. माझं निम्मं काम झालं, निम्मं नाही.

उरलेलं काम पाणी आणि विजेने केलं. याचं नाव आयन्टोफोरेसिस. नाव मोठं आहे, करायचं एवढंच की दोन उथळ ट्रेमध्ये साधं नळाचं पाणी, तळाशी धातूची पट्टी, वर जाळी किंवा टॉवेल, म्हणजे कातडी धातूला टेकत नाही. दोन हात दोन ट्रेमध्ये, पाणी तळहात बुडेल एवढंच. यंत्र पाण्यातून बारीक प्रवाह सोडतं. शून्यापासून हळूहळू वाढवत न्यायचा, मुंग्या येतील पण दुखणार नाही इथवर. माझा आकडा १५ मिलिअँपियर. २० मिनिटं, अर्ध्या वेळाने दिशा उलटी, कारण एका बाजूचा हात जास्त सुधारतो. सुरुवातीला मी आठवड्यातून चारदा करायचो.

पहिल्या दोन आठवड्यांत काहीही झालं नाही. मी यंत्र परत करायला निघालो होतो. नवव्या वेळेनंतर एका सकाळी चिमटा उचलला आणि तो बोटांत फिरला नाही, जागच्या जागी राहिला. मी टोपी काढून बघितली. बोटाचं टोक मऊ होतं, कोरडं, साधं. इतर लोकांचं असतं तसं. त्या दिवशी केसाएवढी बारीक कमान मी उघड्या बोटांनी धरलेल्या चिमट्याने बसवली. वडील तेव्हा नव्हते. हे यंत्र त्यांच्या हाताखाली वीस वर्षं आधी आलं असतं तर, हा विचार अजून येतो.

आता ११ वर्षं झाली. आठवड्यातून एकदा करतो. चुकवलं तर दोन-तीन आठवड्यांत घाम परत येतो. हा बरा होण्याचा उपाय नाही, सांभाळण्याचा आहे. पण उपाय लागू पडला नाही तर मी यंत्र बंद करतो आणि विषय संपतो, पाठीतून काही ओघळत नाही. तळपायांसाठीही हेच ट्रे चालतात.

काळजी घ्यायच्या गोष्टी घ्यायच्याच. छातीत पेसमेकर असेल, गरोदरपण असेल, प्रवाह जाईल त्या वाटेत हाडात धातूची पट्टी किंवा स्क्रू असेल, तर हे करायचं नाही. फिट्स येत असतील किंवा हृदयाचा त्रास असेल तरी आधी डॉक्टर. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवायचं. कापलं-खरचटलं असेल तिथे व्हॅसलीन लावायचं, नाहीतर तिथे सुईसारखं टोचतं. चालू असताना हात झटकन बाहेर काढायचा नाही, सणकन झटका बसतो. आणि घरच्या घरी चार्जर जोडून जुगाड करणारे लोक आहेत, त्या वाटेला चुकूनही जाऊ नका. पहिल्या काही वेळा दवाखान्यात करा, हात बसला की मग यंत्राचं बघा.

एक विचारतो. झोपेत तुमचे हात कसे असतात? स्वतःला कळणार नाही. घरातल्या कोणाला तरी बघायला सांगा.

निळीशाई

मी त्वचारोगाची डॉक्टर आहे. घड्याळजींनी शेवटी जे विचारलं, ते आम्हीही पहिल्या भेटीत विचारतो.

२५ वर्षांच्या आत सुरुवात, दोन्ही बाजूंना सारखा घाम, घरात आणखी कोणाला तरी त्रास, आणि झोपेत हात कोरडे. हे जुळलं तर हा बहुधा मूळचाच अतिघाम, दुसऱ्या आजाराची सावली नव्हे. याउलट घाम अलीकडेच अचानक सुरू झाला असेल, अंगभर येत असेल, रात्री कपडे भिजत असतील, एकाच बाजूला येत असेल, सोबत वजन उतरणं, ताप, धडधड असेल, तर आधी थायरॉईड, साखर, क्षयरोग, गाठी यांचा शोध घ्यावा लागतो. काही औषधांनीही घाम वाढतो, नैराश्यावरच्या काही गोळ्या त्यातल्याच. त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगायचं.

घाबरटपणाबद्दल. माणसाच्या अंगावर २० ते ४० लाख घामग्रंथी असतात आणि तळहात-तळपायांवर त्या फार दाट असतात. तुमच्या ग्रंथी चारचौघांसारख्याच आहेत. त्यांना हुकूम देणाऱ्या मज्जातंतूंचा जोर जास्त आहे. तळहाताच्या ग्रंथी उष्णतेपेक्षा मनाच्या हालचालीला लवकर उत्तर देतात, म्हणून बघणाऱ्याला वाटतं की ही घाबरली. मनाची साधी हालचाल सगळ्यांचीच होत असते, तुमचा हात तिला दहापट उत्तर देतो. मन घट्ट करून हे थांबत नाही. माझ्याकडे येणारी निम्मी मुलं आधी हाच उपदेश ऐकून आलेली असतात आणि तो ऐकून मला दर वेळी वाईट वाटतं.

मधल्या पायऱ्यांमध्ये आणखी दोन आहेत. ग्लायकोपायरोलेट किंवा ऑक्सीब्युटिनिनच्या गोळ्या ग्रंथींपर्यंतचा निरोपच अडवतात. निरोप सगळ्या अंगात अडतो, त्यामुळे तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो, कधी नजर धूसर होते. काचबिंदूचा एक प्रकार असलेल्यांना, लघवी अडणाऱ्यांना त्या चालत नाहीत. आणि उन्हात कष्टाचं काम करताना सांभाळावं लागतं, कारण शरीर गार ठेवणारा घामही कमी होतो. डोस हळूहळू वाढवायचा असतो, म्हणून मनाने घेऊ नका.

दुसरी पायरी बोटॉक्सच्या इंजेक्शनची. काखेच्या घामासाठी अमेरिकेत त्याला २००४ मध्ये मान्यता मिळाली. एका काखेत साधारण ५० युनिट, बारीक टोचण्यांतून, आणि सहा महिन्यांच्या आसपास आराम. काखेसाठी मी ते आनंदाने सुचवते. तळहातात मात्र टोचणं फार दुखतं, भूल द्यावी लागते, आणि काही आठवडे अंगठ्याची पकड कमजोर होऊ शकते. तुमचा पेशा बघता मी ते मागे ठेवीन. तुम्हाला सांगायला नको, अंगठा गेला तर फिजिओथेरपिस्टकडे काय उरतं.

तळपायांकडेही बघा. टाचेखाली चाळणीसारखे बारीक खड्डे आणि उग्र वास असेल तर तो ओलाव्यावर वाढणारा जंतुसंसर्ग आहे. लावायच्या औषधाने तो जातो. पुष्कळ जण तो अस्वच्छता समजून लाजेने लपवतात.

ऑपरेशन वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. ते शेवटच्या पायरीवर आहे आणि तिथेच असावं.

पाऊलवाट

बारा दिवसांनी लिहिते आहे. सगळ्यांचं वाचून झालं, रातराणीताई, तुमचं तीनदा.

झोपेतले हात बघायला आईला सांगितलं. 'काय एकेक खुळं' म्हणाली. पण त्या रात्री आली असणार, कारण सकाळी चहा ठेवता ठेवता माझ्याकडे न बघता म्हणाली, 'कोरडे होते गं. दोनदा येऊन बघितलं. एकदा तर बराच वेळ धरून बसले, तरी कोरडेच.' मग जरा वेळाने म्हणाली की तिची आई, म्हणजे माझी आजी, शिवताना सुईला कापडाची चिंधी गुंडाळून धरायची. सुई निसटते म्हणायची. आणि कोणाच्या गालाला कधी हात लावायची नाही, मनगटाने गोंजारायची. आईला वाटायचं तिला माया करता येत नाही. पुढे आई काही बोलली नाही. त्यानंतर घरात घाबरटपणा हा शब्द आलेला नाही.

तारीख पुढे ढकलली. सर्जनना फोनवर तीनही प्रश्न विचारले. पातळीचं नीट सांगितलं, ऑपरेशन झालेल्या कोणाशी बोलता येईल का त्यावर 'बघतो' म्हणाले. त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. टाचेखाली खरंच खड्डे निघाले. मी दोन वर्षं मोजे घालून झोपत होते. त्यावर मलम सुरू आहे. रात्रीचं औषध सांगितल्यासारखं लावते आहे, आग होत नाही. पाण्याचं यंत्र दवाखान्यातच चालू केलं, आज पाचवी वेळ झाली.

घड्याळजीकाका, खरं सांगते, काहीच फरक नाही. आजही ट्रेमधून हात काढून पुसले आणि दारापर्यंत जाईतो परत ओले. उजव्या तळव्याला तर जास्तच वाटला. शिवाय मनगटाशी पाण्याच्या रेषेवर लाल पट्टा उठलाय आणि खाजतो. थांबवू की चालू ठेवू? माझी सहनशक्ती पाचव्यालाच संपत आली आहे.

घड्याळजी

चालू ठेवा. पाच म्हणजे काहीच नाही, बहुतेकांना सहा ते दहा वेळा लागतात. मधे घाम थोडा वाढल्यासारखा वाटतो, मलाही वाटला होता.

लाल पट्टा पाण्याच्या रेषेवरच उठतो, कारण तिथे प्रवाह एकवटतो. बसण्याआधी मनगटाभोवती त्या रेषेवर व्हॅसलीनचं कडं काढा, दोन बोटं रुंद. नंतर साधं मलम लावा. फोड आला किंवा दुसऱ्या दिवशीही लाली राहिली तर डॉक्टरांना दाखवा आणि प्रवाह कमी करून घ्या.

उजवा जास्त वाटतो म्हणता, तर अर्ध्या वेळाने दिशा उलटतात का ते विचारा. गर्दीत दवाखान्यातले लोक विसरतात. आणि किती मिलिअँपियरवर ठेवतात तो आकडा रोज वहीत लिहा. पाणी फार मऊ असेल तर प्रवाह चढतच नाही, तेव्हा डॉक्टरांना विचारून पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकता येतो. माझ्याकडे तेच झालं होतं.

दहावी झाली की इथे लिहा. मी बघत असतो.